किल्ला बंद करू नका, वाट दुरुस्त करा : बेलापूरच्या टेकडीसाठी एक खुलं पत्र

प्रति,
नवी मुंबईतल्या बेलापूर किल्ल्याची टेकडी ज्यांच्या ज्यांच्या अखत्यारीत येते त्या सर्व अधिकाऱ्यांना,

सप्रेम नमस्कार.

पत्र कोणा एका खात्याच्या नावाने लिहीत नाहीये, कारण "हे आमच्याकडे येत नाही" हे वाक्य आम्ही एकापेक्षा जास्त खिडक्यांवर ऐकलंय. जमीन एकाची, झाडं दुसऱ्याची, पायथ्याचा रस्ता तिसऱ्याचा आणि जुनं बांधकाम म्हटलं की आणखी चौथंच कोणीतरी. म्हणून सगळ्यांना एकत्रच लिहिते आणि उघडपणे लिहिते, म्हणजे निदान शहरातल्या लोकांना तरी कळेल की आम्ही काय मागतोय.

तर झालंय असं की किल्ल्याकडे वर जाणारी जी पायवाट आहे तिच्या तोंडाशी गेल्या पावसाळ्याच्या आधी एक पाटी लागली, "धोकादायक बांधकाम, आत जाण्यास सक्त मनाई". खाली सही नाही, तारीख नाही, कोणत्या खात्याने लावली ते नाही आणि मनाई कधीपर्यंत तेही नाही. आम्हाला वाटलं पावसापुरतं असेल, ठीक आहे, पावसात माती ढिली होते, दगड निसटतात, काळजी घेतलेली बरी. पण पाऊस गेला, दिवाळी झाली, नाताळ झाला, समोर खाडीपलीकडच्या नव्या विमानतळावरून २५ डिसेंबर २०२५ पासून विमानंसुद्धा उडायला लागली आणि आमची पाटी अजून तिथेच. आता तर पाटीच्या मागे बाभळीच्या फांद्या तोडून आडव्या टाकल्यात. सकाळी चालायला येणारी माणसं तिथून मागे वळतात आणि रात्री दारू प्यायला येणारे त्याच फांद्या बाजूला सारून आरामात वर जातात. बाटल्या वाढल्यात, त्या खालूनसुद्धा दिसतात. मग ही मनाई नक्की कोणाला लागू झाली ते तुम्हीच सांगा.

मी बेलापूरला लग्न होऊन आले तेव्हापासून या टेकडीवर जाते. इथे राहणाऱ्या माणसाला वेगळं सांगायला नको, पण बाहेरच्यांसाठी लिहिते, नवी मुंबईत फिरायला जागा नाहीत असं नाही, पाम बीच रोडच्या कडेने लोक चालतात, पारसिक हिलवर जातात, प्रत्येक सेक्टरला एक गार्डन आहे ज्यात गोल गोल फेऱ्या मारता येतात. पण चढ आहे, पायाखाली माती आहे, डोक्यावर झाडं आहेत, वर गेल्यावर साडेचारशे वर्षं जुना किल्ला आहे आणि हे सगळं लोकल स्टेशनपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे, अशी दुसरी जागा मला या शहरात दाखवा. सेक्टर १५ च्या हॉटेलांच्या गर्दीतून निघायचं, किल्ला जंक्शनला यायचं, गावठाणात गोवर्धनी मातेला हात जोडायचे आणि चढायला लागायचं. हळूहळू गेलं तरी पंधरा-वीस मिनिटांत माणूस वर. दम लागतो पण छाती फुटत नाही. वर पोचलं की पनवेलची खाडी, खारफुटीचा हिरवा पट्टा, ओहोटीला उघडा पडलेला चिखल आणि त्यावर बगळे, पलीकडे उलव्याची बाजू. मागे वळलं की पाम बीच रोडवरच्या गाड्या आणि महापालिका मुख्यालयाचा तो भला मोठा झेंडा. शहर आणि खाडी दोन्ही एका नजरेत.

माझ्या सासऱ्यांना हृदयाचा त्रास सुरू झाला तेव्हा डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं, थोडा चढ जमला तर उत्तम म्हणाले. ते मूळचे साताऱ्याकडचे, अजिंक्यताऱ्यावर लहानपण गेलेलं, त्यांना सोसायटीच्या आवारात फेऱ्या मारायला सांगणं म्हणजे शिक्षाच होती. किल्ल्याची ही छोटी टेकडी त्यांना मानवली. अर्ध्या वाटेवर एक सपाट कातळ आहे तिथे बसायचे, पाणी प्यायचे, मग पुढे. हळूहळू त्यांच्याबरोबर आणखी मंडळी यायला लागली. बँकेतून रिटायर झालेले एक काका, दिवाळे कोळीवाड्यातल्या दोन मावशी ज्या मासळीच्या टोपल्या उचलून उचलून कंबर धरलेली म्हणून यायच्या, गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या एक टीचर, आणि पोलिसभरतीची तयारी करणारी पोरं जी आमच्या तिप्पट वेगाने वर-खाली करायची आणि प्रत्येक वेळी "आजोबा, जरा बाजूला" म्हणून हसत जायची. ग्रुपला नाव नाही, व्हॉट्सॲप ग्रुप सोडला तर काही रजिस्टर वगैरे नाही. पण सहा वाजता कोण आलं नाही तर फोन जायचा, काका बरे आहात ना.

माझी मुलगी आयुष्यातला पहिला किल्ला चढली तो हा. कलावंतीण, हरिश्चंद्रगड हे सगळं नंतर. लहान पोराला एकदम राजगडावर नाही नेता येत आणि सत्तरीच्या माणसाला तर नाहीच नाही. ज्याच्याकडे कामावर जायच्या आधी फक्त तासभर आहे, ज्याच्याकडे गाडी नाही, ट्रेकिंगचे बूट नाहीत, त्यांचा किल्ला हा आहे. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांचे १२ किल्ले जागतिक वारशात घेतले, आपण सगळ्यांनी स्टेटस ठेवले, पेढे वाटले, मीही वाटले आणि मनापासून वाटले. पण त्या बारापैकी एकही किल्ला बेलापूरच्या महापालिकेच्या शाळेतल्या पोराला मधल्या सुट्टीनंतर चालत जाऊन बघता येत नाही. हा येतो. म्हणजे यायचा.

आणि किल्ला म्हणजे नुसता दगडांचा ढीग नाही हे परत एकदा लिहावं लागतंय याचं वाईट वाटतं. साधारण १५६० ते १५७० या काळात जंजिऱ्याच्या सिद्दींनी हा बांधला, पनवेल खाडीच्या तोंडावर नजर ठेवायला. तेव्हा खाडी म्हणजेच हायवे, कल्याण-पनवेलकडचा माल पाण्यावरूनच जायचा-यायचा, त्यामुळे ज्याच्या ताब्यात ही टेकडी त्याच्या हातात ये-जा. १६८२ ला तो पोर्तुगीजांकडे गेला. पुढे चिमाजीअप्पांच्या काळात मराठ्यांनी घेतला, त्याच काळात सगळी साष्टी आणि वसई पोर्तुगीजांच्या हातातून सुटली, वसई पडली १७३९ ला. आणि मग १८१७ ला इंग्रज आले, त्यांनी किल्ला घेतला आणि मराठ्यांना परत उपयोगी पडू नये म्हणून त्याचा काही भाग पाडून टाकला. भरात असताना इथे १८० माणसांच्या चार तुकड्या आणि १४ तोफा होत्या अशी नोंद आहे. सिद्दी, पोर्तुगीज, मराठे, इंग्रज, कोकण किनाऱ्याचा अडीचशे वर्षांचा इतिहास या एका लहानशा टेकडीवरून गेलाय. आणि वाटेवर त्याबद्दल एक ओळ लिहिलेली नाही. एक ओळ! पोरं विचारतात हा किल्ला कोणाचा आणि आई-बाप मोबाईल काढून शोधतात. गावातली जुनी माणसं सांगतात की इथून थेट घारापुरीपर्यंत भुयार आहे. मला ती गोष्ट आवडते, सासरे नातवंडांना रंगवून सांगतात, पण फलक लावाल तेव्हा कथा ती कथा आणि इतिहास तो इतिहास असं स्पष्ट लिहा एवढी विनंती आत्ताच करून ठेवते.

आता तक्रारी. एक एक करून सांगते, आवाज न चढवता.

सगळ्यात आधी ती पाटी. बुरूज धोकादायक असेल तर तो धोका आम्हाला तुमच्या आधीपासून माहीत आहे, कारण आम्ही तो रोज बघतोय. बुरुजाच्या खाडीकडच्या अंगाला एक पिंपळ आहे. कुठल्यातरी पक्ष्याच्या विष्ठेतून बी पडलं असणार, चुन्याच्या सांध्यात रुजलं. मुलगी चौथीत होती तेव्हा त्या सांध्यात तिचं बोट जेमतेम जायचं. आता माझा अख्खा हात मनगटापर्यंत आत जातो आणि आत गार, ओलं लागतं, आणि मूळ हाताला लागतं ते माझ्या मनगटाएवढं जाड आहे. त्या मुळाने एक घडीव दगड चांगला चार बोटं बाहेर ढकललाय, खालचा दगड त्याच्यामुळे तिरका झालाय आणि वरच्या थरातली माती रोज थोडी थोडी खाली गळते, खाली बारीक पांढरट ढीग साचलेला असतो. तो चुना आहे. जुना बुरूज ज्याच्या जोरावर उभा आहे तेच गळून खाली पडतंय. हे आम्ही फोटोसकट लेखी दिलेलं आहे, पोच घेतलेली आहे. त्यावर कोणी वर चढून बघितलं असं आम्हाला दिसलं नाही. उत्तर म्हणून पाटी आली.

म्हणजे धोका कमी करायचा सोडून माणसं कमी केली. पिंपळ काही पाटी वाचत नाही, तो वाढतोच आहे.

मधेच कधीतरी कोणीतरी येऊन खालच्या बाजूला एका फटीत सिमेंट लिंपून गेलंय. कोणी, कोणाच्या सांगण्यावरून, माहिती नाही, फलक नाही. साहेब, चुन्याच्या बांधकामाला सिमेंट लावायचं नसतं हे किल्ल्यांवर काम करणारी कॉलेजची पोरंसुद्धा सांगतात. चुना थोडा मऊ असतो, ओल शोषतो आणि परत बाहेर सोडतो, दगडाबरोबर थोडा हलतोही. सिमेंट कडक, ते ओल बाहेर जाऊ देत नाही, मग पाणी आतल्या आत अडकतं, त्यातले क्षार दगडात जमतात आणि दगडाचे पापुद्रे सुटायला लागतात. खाडीची खारी हवा इथे आधीच आहे. त्या लिंपलेल्या पट्ट्याच्या वरचा दगड बघा, नखाने खरवडला तरी भुगा पडतो. कामाचा हेतू चांगला असेलही पण नुकसान झालं ते झालं. पिंपळाचंही तसंच, नुसता बुंधा तोडून भागत नाही, तो परत फुटतो, आणि सगळं मूळ एकदम उपसलं तर भिंतच खाली येते. टप्प्याटप्प्याने मूळ मारायचं, भिंतीला आधार द्यायचा, मग चुन्याने सांधे भरायचे. हे जाणत्या माणसाचं काम आहे आणि अशी जाणती माणसं महाराष्ट्रात आहेत, इतर किल्ल्यांवर कामं करतायत.

मग वाट. ही टेकडी सोपी आहे ती वाटेमुळे, आणि वाटच आता सोपी राहिली नाहीये. पावसाचं पाणी सरळ वाटेवरूनच खाली येतं, त्यामुळे मुरूम वाहून गेला, मधे घळ पडली आणि वर राहिली ती बारीक खडी. त्या खडीवरून सासऱ्यांचा पाय सरकला. पडले नाहीत, त्यांनी बाजूची घाणेरी पकडली, हाताला काटे बोचले, रक्त आलं, पण त्या दिवसापासून त्यांच्या मनात भीती बसली ती बसली. यावर खर्च फार नाही हो. ठरावीक अंतरावर वाटेत आडवे दगड बसवून पाणी बाजूच्या उताराला काढून द्यायचं, जिथे चढ जास्त आहे तिथे पाच-सात रुंद, कमी उंचीच्या दगडी पायऱ्या आणि एक साधं कठडं. दोन बाक. एवढंच. गावाकडे शेतातल्या वाटा अशाच राखतात.

कचरा, बाटल्या, सिगरेट, हे लिहायचा कंटाळा आलाय पण लिहिते. पायथ्याला कचऱ्याचा डबा नाही. रविवारी आम्ही गोण्या घेऊन बाटल्या गोळा करायचो, खाली आणून ठेवायचो आणि त्या गोण्या उचलायला गाडी यावी म्हणून फोनवर फोन करायचो. फुटलेल्या काचा गवतात दिसत नाहीत, पोरांचे पाय कापतात. आणि थंडी सरली की वाळलेल्या गवताला आग लागते. लागते म्हणजे कोणीतरी लावतं, पेटती सिगरेट टाकून नाहीतर मुद्दाम. दर वर्षी खारघरपासून पारसिकपर्यंत नवी मुंबईच्या टेकड्या अशाच काळ्या होतात. त्या गवता-झुडपांत बुलबुल, भारद्वाज राहतात, करवंदीच्या जाळ्या आहेत, त्यांचं सगळं जातं. सकाळ-संध्याकाळ माणसांची ये-जा होती तेव्हा आग दिसली की लगेच फोन जायचा, पोरं फांद्यांनी झोडपून विझवायची. आता बघणारंच कोणी नाही. फेब्रुवारी तोंडावर आहे, म्हणून हे पत्र आत्ता.

बायकांचं वेगळं सांगते. जागा ओस पडली की ती आपोआप बायकांसाठी बंद होते. आमच्या ग्रुपमुळे, नुसतं तिथे कोणीतरी असायचं म्हणून, कितीतरी मुली एकट्या चालायला यायच्या. पाटी लागल्यापासून एकही मुलगी मी तिकडे वळताना बघितली नाही. पोलिसभरतीची एक पोरगी आता हायवेच्या सर्व्हिस रोडवर धावते, ट्रकच्या धुरात. ती चढावर धावायची तेव्हा तिचा दम बघून आम्हाला कौतुक वाटायचं.

बंदीच्या विरोधात आहे असं समजू नका. पावसाळ्यात खारघरच्या पांडवकडा धबधब्याला बंदी घालतात ती बरोबरच आहे, तिथे पाण्याच्या लोंढ्यात जीव गेलेत, आम्हीही पोरांना तिकडे पाठवत नाही. पण तिथला धोका आणि इथला धोका एक नाही. इथे धबधबा नाही, ओढा नाही, कडा नाही. धोका आहे तो एका बुरुजाच्या एका बाजूला आणि दोन-तीन पडक्या भिंतींच्या खाली. तेवढ्या भागाला नीट कुंपण घाला, पुरेसं अंतर सोडून घाला, आम्ही पाळू. एका भिंतीसाठी सगळी टेकडी बंद करणं आम्हाला मान्य नाही.

आता ज्याची खरी धास्ती आहे ते. गावात आणि सोसायट्यांमध्ये चर्चा आहे की टेकडीचं "सुशोभीकरण" होणार, म्हणून सध्या बंद ठेवलीय. वरपर्यंत पेव्हर ब्लॉक, रंगीत लाइट, सेल्फी पॉइंट, फूड कोर्ट, तिकीट. खरं की खोटं ते तुम्ही जाहीर सांगा. खोटं असेल तर आम्हाला आनंद आहे. खरं असेल तर आत्ताच हात जोडून सांगते, हे करू नका. पेव्हर ब्लॉक बसवायला टेकडी खोदावी लागते, जेसीबी वर न्यावा लागतो, त्याच्यासाठी रस्ता कापावा लागतो, आणि टेकडीचा उतार एकदा कापला की पुढच्या पावसात काय खाली येतं हे या पट्ट्यातल्या लोकांना सांगायला नको. रात्रभर मोठे दिवे लावले तर खाडीतले पक्षी, झाडावरची वटवाघळं, काजवे, कोणालाच रात्र उरत नाही. पेव्हर ब्लॉक सेक्टरच्या गार्डनमध्ये आहेत, फूड कोर्ट मॉलमध्ये आहेत, ते तिथे शोभतात. इथे जे आहे ते दुसरीकडे कुठे नाहीये, म्हणून तर आम्ही इथे येतो. पुण्यात पर्वतीच्या पायऱ्या पिढ्यानपिढ्या लोक सकाळी उठून चढतात, वेताळ टेकडीतून रस्ता नको म्हणून तिथले लोक वर्षानुवर्षं उभे राहिलेत. टेकडीवर रोज चालणारी माणसं असली की टेकडीला वाली असतो. नवी मुंबईत अशी माणसं कमी नाहीत, त्यांना फक्त वाटेच्या तोंडाशी अडवू नका.

तिकिटाबद्दल एक वाक्य. दिवाळ्याच्या मावशी रोज तिकीट काढून व्यायामाला येणार नाहीत.

आमच्या मागण्या अशा आहेत. पाटीवर सही, तारीख, खात्याचं नाव, फोन नंबर आणि मनाईची मुदत लिहा, आणि ज्या पाहणीवरून बांधकाम धोकादायक ठरवलं तिचा अहवाल लोकांना बघायला ठेवा. माहिती अधिकार कायदा २००५ च्या कलम ४ प्रमाणे असली माहिती आम्ही अर्ज न करताच मिळायला हवी, तरी तुम्ही म्हणाल तर आम्ही अर्जही करू.

बुरूज आणि पडक्या भिंतींभोवती कुंपण घालून उरलेली वाट सकाळी साडेपाच ते संध्याकाळी साडेसातपर्यंत रोज खुली ठेवा. याला निधी लागत नाही, टेंडर लागत नाही, एक निर्णय लागतो, म्हणून हे पंधरा दिवसांत व्हावं असं आमचं म्हणणं आहे. वाटेचं पाणी काढण्याचं आणि पायऱ्यांचं काम येत्या पावसाच्या आत, म्हणजे मे अखेरीपर्यंत. गवताची आग थांबवायला जाळपट्टा, म्हणजे गवत काढून मोकळा ठेवलेला पट्टा, आणि पायथ्याला अग्निशमन दलाचा नंबर मात्र लगेच, फेब्रुवारीच्या आधी.

किल्ल्याच्या बांधकामाला पुरातत्त्व आणि जुन्या वास्तूंच्या जतनाचं शिक्षण घेतलेल्या, चुन्याच्या कामाचा अनुभव असलेल्या माणसाशिवाय कोणीही हात लावू नये. काम कोण करतंय, किती रुपयांचं, कधी संपणार, हे जागेवर मराठीत लिहिलेलं असावं. आधीच लिंपलेलं सिमेंट कसं काढायचं तेही त्यांनाच ठरवू दे.

सुशोभीकरणाचा आराखडा असेल तर तो टेंडर निघायच्या आधी किल्ले गावठाण, दिवाळे, शहाबाज, आग्रोळी आणि सीबीडीच्या लोकांसमोर ठेवा, मोठ्या नकाशावर, आम्हाला कळेल अशा भाषेत, आणि हरकती घ्यायला महिनाभर वेळ द्या. झाडं तोडायची असतील तर कोणती आणि किती ते १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्याप्रमाणे नोटीस लावूनच.

पायथ्याला आणि वर एक एक फलक, इतिहासाचा. कोणी बांधला, कोणाकडून कोणाकडे गेला, काय पाहायला उरलंय, आणि एक छोटा नकाशा. मजकूर कोणातरी इतिहासाच्या अभ्यासकाकडून तपासून घ्या. त्यात चुका राहिल्या की त्याच पुढे शाळेच्या प्रोजेक्टमध्ये जातात.

आणि वॉचमन. सध्या पायथ्याला कधीमधी एक दादा उभे असतात, ठेकेदाराकडून आलेले, त्यांना ना खुर्ची ना पाणी ना कोणाला सोडायचं कोणाला नाही याची लेखी सूचना. आमचा राग त्यांच्यावर नाही, उन्हात उभं राहून लोकांचं ऐकून घेणारे तेच आहेत. त्यांना रात्रीची ड्यूटी द्या, टॉर्च द्या, जोडीदार द्या, कारण राखणीची गरज रात्री आहे. पोलिसांची एक गस्त रात्री दहानंतर किल्ला जंक्शनवरून जातेच, ती पाच मिनिटं आत वळली तरी अर्धं काम होईल.

आम्ही नुसतं मागतोय असंही नाही. आमच्या ग्रुपमधली माणसं रविवारी दोन तास द्यायला तयार आहेत. पोरं घमेली उचलतील, दगड वाहतील, रिटायर काकांनी आयुष्यभर हिशोब ठेवलेत ते वहीत सगळं लिहून ठेवतील, टीचर शाळांची पोरं घेऊन येतील. वाटेचं काम कसं करायचं ते दाखवणारा एक माणूस आणि लेखी परवानगी द्या. मागच्या वेळी आम्ही स्वतःहून घळीत दगड भरायला घेतले तर "परवानगी आहे का" असं विचारून थांबवलं गेलं, आणि परवानगी कोणाकडे मागायची ते मात्र कोणी सांगितलं नाही. ते आता सांगा.

या पत्राची एक प्रत सह्यांसकट तुमच्यापैकी प्रत्येक कार्यालयात आवक-जावकला देतोय. ज्या खात्याचा हा विषय नाही त्यांनी "आमचा नाही, अमक्याचा आहे" एवढं लेखी कळवलं तरी चालेल, त्यानेही गाडी पुढे सरकेल. उत्तर आम्हाला वेगळं पाठवायचीही गरज नाही, पायथ्याच्या त्याच पाटीवर लावा, सगळ्यांना वाचता येईल.

कळावे,
किल्ल्यावर रोज चालणाऱ्या मंडळींच्या वतीने
बेलापूरची एक रहिवासी